ओटीजीचे खालचे रॉड तापत नाहीत: दुरुस्ती करावी की नवा घ्यावा? (पुणे)

वेलदोडा · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ओव्हनच्या दुरुस्तीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझ्याकडे २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे. वॉरंटी केव्हाच संपली. हल्ली केक वरून छान तांबूस होतो, पण पालथा घातला की तळ पांढराफटक आणि चिकट. काल स्वयंपाकघरातला दिवा घालवून पाहिलं, तर वरचे दोन्ही रॉड लाल होतात आणि खालचे दोन्ही काळेच राहतात. सिलेक्टर (वरचे-खालचे रॉड निवडायचं बटण) फक्त खालच्या खुणेवर ठेवला तर टायमर टिकटिकतो, बाहेरचा लाल दिवा लागतो, पण आत ऊब म्हणून नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. हे मॉडेल बंद झालंय, सुटा भाग येत नाही, नवाच घ्या असं म्हणाले. सोसायटीत येणारा इलेक्ट्रिशियन म्हणतो, "रॉड गेलाय, आणून द्या, बसवून देतो." कुठला रॉड आणायचा ते मात्र त्यालाही सांगता येईना. मागच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १६०० वॅट एवढंच लिहिलंय.

दिवाळीच्या नानकटाईच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात झाली आहे, म्हणून घाई आहे. रॉडच गेलाय हे खात्रीने कसं ओळखायचं? पुण्यात कुठे मिळेल? आणि घरी बदलण्यासारखं हे काम आहे का? मी सिंहगड रोडला राहते.

चहाबाज · सोमवार, रात्री १०:०५

मनापासून सांगतो, नवा घ्या. जिथे उष्णता आणि वीज दोन्ही आहेत तिथे घरच्या घरी हात घालू नये. आमच्या मजल्यावर एकांनी इस्त्री घरी उघडून जोडली, नंतर तिच्या बॉडीला करंट यायला लागला. तुम्ही ऑर्डरी घेता, म्हणजे ओव्हन भरवशाचा हवा.

मोगरा२२ · सोमवार, रात्री १०:३१

लगेच भंगारात घालू नका हो. माझ्या ओव्हनचा रॉड बदलून घेतलाय, अजून उत्तम चालतो. विजेच्या सामानाची दुकानं असलेल्या तपकीर गल्लीत मिळतात रॉड. तारजोड काका, जरा इकडे बघता का?

तारजोड · मंगळवार, सकाळी ७:१५

वेलदोडा ताई, पत्रा चांगला, दार नीट बसतंय, टायमर चालतोय, वरचे रॉड तापतायत. एवढं सगळं धडधाकट असताना अख्खा ओव्हन टाकून द्यायचं कारण नाही. चहाबाज म्हणतात ती भीती मात्र खरी आहे, आणि त्या भीतीवरचा उपाय म्हणजे प्रत्येक पायरीवर मोजणं. मी भोसरीला मेंटेनन्समध्ये होतो. तिथे नव्या पोरांना पहिलं हेच सांगायचो की आधी मीटर, मग पाना, आणि दुकान सगळ्यात शेवटी.

तुमच्या वर्णनावरून अर्धं निदान झालेलंच आहे. ओटीजीत वीज आधी टायमरमधून जाते, मग थर्मोस्टॅटमधून (तापमान राखणारा भाग), मग सिलेक्टरमधून आणि शेवटी रॉडमध्ये. वरचे रॉड लाल होतायत म्हणजे टायमर आणि थर्मोस्टॅट दोन्ही ठीक. बिघाड सिलेक्टरपासून पुढे, खालच्या बाजूला आहे. तिथे चारच गोष्टी होऊ शकतात: रॉडच्या आतली तार तुटली, रॉडच्या टोकाचं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची जोडणी) जळून सुटलं, मधली वायर गेली, किंवा सिलेक्टरचा त्या बाजूचा संपर्क गेला. तुमच्या इलेक्ट्रिशियनने यातलं पहिलं कारण अंदाजाने सांगितलंय. बहुधा खरंही ठरेल, पण थिंबल सुटलं असेल तर नवा रॉड आणूनही ओव्हन थंडच राहणार.

आता ओव्हन न उघडता करायची तपासणी. पाचशेच्या आत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे.

ओव्हन पूर्ण थंड हवा आणि प्लग भिंतीतून काढलेला हवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. भिंतीतलं बटण एकच तार तोडतं, आणि जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण बंद असतानाही रॉडपर्यंत करंट पोचलेला असतो. प्लग हातात दिसला पाहिजे.

मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. जो काही अर्धा-पाव ओहम दिसेल तो पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. मग ओव्हनचा टायमर फिरवून ठेवा, थर्मोस्टॅट २०० च्या पुढे न्या. आतल्या बल्बला वेगळं बटण असेल तर ते बंद करा, पंखा आणि ग्रिल फिरवणारी मोटरही बंद. बल्ब चालू राहिला तर त्याच्या फिलामेंटमधूनही मीटरला वाट मिळते आणि आकडा फसवा येतो. आता प्लगच्या खालच्या दोन पिनांना मीटर लावा. वरची जाडी पिन अर्थिंगची, तिला सध्या हात लावू नका.

किती आकडा यायला हवा याचं गणित सोपं आहे. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला १६०० ने भागलं की ३३ ओहम. वरखाली दोन्ही चालू ठेवून ३३ च्या आसपास आकडा यायला हवा. फक्त वर ठेवला तर ८०० वॅट, म्हणजे ६६. फक्त खाली ठेवला तरी ६६. रॉडमधली निक्रोमची तार तापल्यावर तिचा रोध (विजेला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात) अगदी थोडाच वाढतो, त्यामुळे थंड असताना मोजलेला आकडा विश्वासाने धरता येतो. बल्बच्या फिलामेंटचं तसं नसतं.

तिन्ही आकडे इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

शेवटचं एक. मीटर २० मेगओहमवर ठेवून जाडी पिन आणि खालची प्रत्येक पिन यांच्यामध्ये मोजा. तिथे काहीही जोड नसला पाहिजे, मीटरवर ओएल (आकडा मापाबाहेर, म्हणजे वाटच नाही) दिसलं पाहिजे. आणि जाडी पिन व ओव्हनच्या मागचा रंग नसलेला स्क्रू यांच्यामध्ये मात्र जवळजवळ शून्य यायला हवं. ही ओव्हनची अर्थिंग. ती तुटलेली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती जोडायची.

वेलदोडा · मंगळवार, रात्री ८:५०

काका, खूप खूप धन्यवाद. इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या बॅगेत मीटर होता, त्यावरच मोजलं. वजाबाकी करून आकडे:

वर-खाली दोन्ही: ६६
फक्त वर: ६६
फक्त खाली: ओएल
जाडी पिन ते इतर दोन: ओएल
जाडी पिन ते मागचा स्क्रू: ०.२

म्हणजे दोन्ही चालू ठेवूनसुद्धा अर्धाच ओव्हन जोडलेला आहे, असंच ना?

तारजोड · मंगळवार, रात्री ९:२०

बरोबर ओळखलंत. ३३ च्या जागी ६६ आले, याचा अर्थ खालचा सगळा भागच गायब आहे. अर्थिंग मात्र उत्तम आहे, ते फार महत्त्वाचं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. खालचे दोन्ही रॉड एकाच वेळी गेले असं होणं कठीण. बऱ्याच ओटीजीत वरची जोडी एका पाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेली असते, आणि खालचीही तशीच. एक तुटला की जोडीदार चांगला असूनही थंड पडतो. त्यामुळे दोन्ही काळे दिसतात, आणि दुकानदाराला "दोन्ही गेले" असं सांगितलं जातं. उघडून प्रत्येक रॉड वेगळा मोजायला लागेल.

निळीशाई · मंगळवार, रात्री १०:०२

काका, आमच्याकडे हेच झालं होतं. दुरुस्तीवाल्याने गेलेला रॉड काढून टाकला आणि त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून दिल्या. म्हणाला एका रॉडवर चालेल. चालतोय, पण तो रॉड पूर्वीसारखा लाल न दिसता पिवळसर दिसतो आणि बिस्किटं खालून भराभर करपतात. हे ठीक आहे का?

तारजोड · मंगळवार, रात्री १०:१०

अजिबात ठीक नाही. प्लग आत्ता काढून ठेवा, मग पुढचं वाचा.

वेलदोडा ताईंच्याच ओव्हनचे आकडे घेऊ. सिरीजमधल्या जोडीचे ६६ ओहम, म्हणजे एका रॉडचे ३३. दोघं मिळून २३० व्होल्ट वाटून घेतात, प्रत्येकाच्या वाट्याला ११५ येतात आणि प्रत्येक रॉड ४०० वॅट देतो. एक काढून वायरी जोडल्या की उरलेल्या एकट्या रॉडवर अख्खे २३० व्होल्ट पडतात. ५२,९०० भागिले ३३, म्हणजे १६०० वॅट. चारशेसाठी बनवलेल्या रॉडवर चौपट. व्होल्टेज दुप्पट झालं की वॅट चौपट होतात, तुमच्या रॉडचा पिवळा रंग हेच सांगतोय.

तो रॉड लवकरच जळेल, हा त्यातला कमी तोटा. त्याआधी टोकाची थिंबलं, सिलेक्टर, आतल्या वायरींचं आवरण हे सगळं त्यांच्या मर्यादेबाहेर तापतं. वरचे रॉडही चालू केले तर एकूण २४०० वॅट होतात, आणि कॉर्ड १६०० च्या हिशोबाने दिलेली असते. आग लागते ती अशानेच. नवा रॉड बसेपर्यंत तो ओव्हन वापरू नका.

निळीशाई · मंगळवार, रात्री १०:१८

काढला प्लग. आईला पण सांगितलं. धन्यवाद काका.

पेठेतला · बुधवार, सकाळी ८:४४

वाचतोय. काका, दुकानात गेल्यावर काय सांगायचं तेही लिहा. आमच्या घरामागेच तपकीर गल्ली आहे, लहानपणापासून बघतोय. माणसं "ओव्हनचा रॉड द्या" म्हणतात, दुकानदार विचारतो "किती वॅट?", आणि तिथेच घोडं अडतं.

तारजोड · बुधवार, दुपारी १:३०

अगदी नेमका मुद्दा. "किती वॅट" या प्रश्नाचं उत्तर देऊन जो रॉड मिळतो तो चुकीचा असू शकतो, आणि अशी फसगत मी बऱ्याच जणांची पाहिली आहे.

समजा वेलदोडा ताईंनी सांगितलं ४०० वॅट. दुकानदाराने २३० व्होल्टचा ४०० वॅटचा रॉड दिला. त्याचा रोध १३२ ओहम. तो जुन्या ३३ ओहमच्या जोडीदाराबरोबर सिरीजमध्ये बसवला की एकूण १६५ ओहम आणि खालची सगळी बाजू मिळून फक्त ३२० वॅट. ८०० च्या जागी ३२०! त्यातलेही २५६ नव्या रॉडमध्ये आणि जेमतेम ६४ जुन्यात. लांबी तीच, बसतो छान, गरमही होतो, आणि केक मात्र परत कच्चा. मग माणूस थर्मोस्टॅट बदलतो, नंतर सिलेक्टर बदलतो, आणि शेवटी ओव्हन विकतो.

म्हणून जुना गेलेला रॉड आणि त्याचा चांगला जोडीदार दोन्ही सोबत न्या, मीटरही न्या. दुकानात तिथल्या तिथे नव्या रॉडचा रोध मोजा. जोडीदाराचे ३३ असतील तर नवा ३२ ते ३५ मध्ये असला की झालं. शिवाय नळीची लांबी, टोकांसकट लांबी, नळीचा व्यास आणि टोकाचा प्रकार (स्क्रूचा की चपट्या पट्टीचा) जुळवून बघा. नळी लांब असेल तर बसणार नाही, आणि आखूड असेल तर पोर्सेलिनच्या बुशमधून (रॉडचं टोक धरणारी चिनी मातीची कडी) सटकून पत्र्याला टेकेल.

जमलं तर दोन्ही रॉड बदला. दोघांनी सारखीच वर्षं काढलेली आहेत, एक गेला की दुसराही फार लांब नसतो. आणि दोन्ही नवे एकसारखे असले की उष्णता पुढे-मागे सारखी वाटली जाते. जुने-नवे जुळवायचा प्रश्नच राहत नाही.

क्वार्ट्झचे, म्हणजे काचेसारख्या पांढरट नळीचे रॉड असतील तर कापडात गुंडाळून न्या. एवढ्याशा धक्क्याने तडकतात.

पेठेतला · बुधवार, दुपारी २:१०

उत्तम. त्यात भर घालतो. गाडी घेऊन येऊ नका, लावायला जागा मिळत नाही. स्वारगेटहून मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा आणि चालत या. पासोड्या विठोबाच्या आसपास कुणालाही विचारा, तपकीर गल्ली दाखवतील. सजावटीच्या दिव्यांची आणि वायरची दुकानं पुढे दिसतात. रॉड, थर्मोस्टॅट, गिझरची कॉइल वगैरे सुटे भाग ठेवणारी दुकानं लहान आहेत, एक-दोन ठिकाणी विचारावं लागतं. दिवाळीच्या तोंडावर माळा घ्यायला तुफान गर्दी असते, त्यामुळे सकाळी लवकर या म्हणजे दुकानदार मीटर लावून बघू देईल.

गच्चीवरचा · बुधवार, रात्री ९:३३

उघडायचं कसं तेही सविस्तर लिहाल का? मलाही माझ्या ओव्हनचा वरचा रॉड बदलायचा आहे.

तारजोड · गुरुवार, सकाळी ७:०५

लिहितो. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडेल, पण रचना साधारण सारखीच असते.

प्लग काढा, ओव्हन थंड होऊ द्या, ट्रे-जाळी बाहेर. हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. मागच्या आणि खालच्या बाजूचे स्क्रू काढले की बाहेरचा पत्रा मागे सरकून निघतो. उजव्या बाजूला टायमर-थर्मोस्टॅट-सिलेक्टरचा कप्पा, तिथे रॉडची एकेक टोकं येतात. दुसरी टोकं डाव्या बाजूला, आणि सिरीजची जोडणारी पट्टी किंवा वायर बहुतेक तिथेच असते.

काहीही सुटं करायच्या आधी दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून अंक घाला. पाच मिनिटं जातात, पण जोडताना डोकं शांत राहतं.

मग एका टोकाची वायर सोडवून प्रत्येक रॉड वेगळा मोजा. वायर न सोडवता मोजलं तर दुसऱ्या वाटेने येणारा आकडा दिसतो. ज्याचा ओएल येईल तो गेलेला. दोन्ही ३३-३३ दाखवत असतील तर रॉड निर्दोष आहेत, मग थिंबल, वायर आणि सिलेक्टर बघा. सिलेक्टर 'खाली' वर ठेवून त्याच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या टोकांत शून्याजवळ आलं पाहिजे. काळं पडलेलं, ठिसूळ झालेलं थिंबल नुसतं बघूनही कळतं.

रॉड काढताना टोकाचं नट फिरत नसेल तर जोर करू नका. एका पक्कडीने टोकाची दांडी धरा, दुसऱ्या पान्याने नट फिरवा. दांडी आतल्या आत फिरली की आतली तार तिथेच तुटते. चांगले रॉड असे हातून गेलेले मी पाहिलेत.

नव्या रॉडला जोडताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. सोल्डर वापरायचं नाही. नेहमीचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि ही टोकं तितकी तापू शकतात. दाबून बसवलेलं थिंबल किंवा नट-वॉशरच हवं, आणि ते हलता कामा नये. दुसरं, वायर बदलायची वेळ आली तर घरातल्या वायरिंगची पीव्हीसी वायर घालू नका. तिची मर्यादा ७० अंश. सिलिकॉनची १८० अंश सोसणारी वायर घ्या, वरून काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवा. दोन्ही तपकीर गल्लीतच मिळतात.

पोर्सेलिनचे बुश तडकलेले असतील तर तेही बदला. रॉडची नळी त्या बुशमध्ये किंचित मागे-पुढे हलली पाहिजे, कारण तापल्यावर ती लांबते. घट्ट आवळली तर वाकते.

पत्रा लावायच्या आधी सगळी मोजमापं परत एकदा घ्या, प्लगवरून. ३३, ६६, ६६, आणि अर्थिंगच्या पिनशी ओएल. हे आकडे आल्याशिवाय प्लग भिंतीत जाणार नाही, एवढं स्वतःशी ठरवून टाका. आणि यातलं काहीही करताना मन धजत नसेल, तर हे आकडे कागदावर लिहून चांगल्या इलेक्ट्रिशियनला द्या आणि त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या. मोजणं तुमचं, स्क्रू त्याचा, असंही चालतं.

मोगरा२२ · गुरुवार, सकाळी १०:२५

काका, हा प्रतिसाद जपून ठेवते. रॉड मुळात जातात कशाने?

तारजोड · गुरुवार, संध्याकाळी ६:४०

आत निक्रोमच्या तारेचं वेटोळं असतं, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरलेली, बाहेर स्टीलची नळी. ही पावडर उष्णता नळीपर्यंत पोचवते पण वीज पोचू देत नाही. नळीवर एके ठिकाणी उष्णता कोंडली की आतली तार तिथे प्रमाणाबाहेर तापते, पातळ होते आणि एक दिवस तुटते. सांडलेला साखरेचा पाक, चीज, तूप नळीवर जळून बसलेलं असलं की हेच होतं. तळाला अंथरलेली ॲल्युमिनियम फॉइल रॉडला टेकली की हेच. तापलेल्या रॉडवर ओलं फडकं फिरवलं तरी नळी चिरते. साफ करायचा तर पूर्ण थंड झाल्यावर, कोरड्या ब्रशने. गेलेल्या रॉडवर नीट पाहिलं तर तुटल्या जागी फोड किंवा पांढरा डाग दिसतो.

वेलदोडा · शनिवार, रात्री ९:१५

झालं काम!

उघडलं आणि मोजलं: खालचा पुढचा रॉड ३३, मागचा ओएल. मागच्याला डाव्या टोकापासून वीतभर अंतरावर मोहरीएवढा फोड होता, त्याला बारीक चीर. बरोबर त्या जागेवर नानकटाईतल्या तुपाचा जळका थर होता. काकांनी लिहिलंय तसंच्या तसं.

तपकीर गल्लीत पहिल्या दुकानात लांबी जुळणारा रॉड मिळाला, पण मीटर लावला तर १३० च्या वर. दुकानदार म्हणाले, "४०० वॅटचाच आहे ताई." मी जोडीदाराचे ३३ दाखवले, तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं की हा सिरीजवाल्या ओव्हनला चालणार नाही, आणि शेजारच्या दुकानात पाठवलं. तिथे ३४ आणि ३४ ची जोडी मिळाली, दोन्ही घेतले. सोबत थिंबलं आणि स्लीव्ह.

बसवायला इलेक्ट्रिशियन दादाच आले, मी फोटो आणि आकडे घेऊन शेजारी उभी होते. पत्रा लावायच्या आधी प्लगवर मोजलं: दोन्ही ३३.५, वर ६६, खाली ६८. अर्थिंगशी ओएल. दादांनीही आकडे त्यांच्या वहीत उतरवून घेतले. मग खिडक्या उघडून रिकामा ओव्हन चालवला. सुरुवातीला थोडा धूर आणि तेलकट वास आला, तो हळूहळू गेला. हे नॉर्मल ना काका?

तारजोड · शनिवार, रात्री ९:४२

वा, फार आनंद झाला. हो, नव्या रॉडवरचा तेलाचा हात जळतो. २०० च्या पुढे पंधरा-वीस मिनिटं रिकामा चालवला की संपतं. वास पूर्ण जाईपर्यंत खाण्याचं काही आत ठेवू नका.

आता ऑर्डरीच्या आधी एक चाचणी करा. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस जाळीवर एकमेकींना चिकटून मांडा, सगळी जाळी भरू दे. १८० ला भाजा, आणि वरून रंग यायला लागला की सगळ्या उलटून खालची बाजू बघा. कुठे गडद, कुठे फिकट, तो तुमच्या ओव्हनचा नकाशा. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर असेल तर तोही घाला. खालची बाजू कित्येक दिवस बंद होती, त्या काळात तुम्ही वेळ आणि तापमान वाढवून घेतलं असेल, ते परत मूळ जागी आणा.

वेलदोडा · रविवार, दुपारी १२:२०

केली चाचणी. खालून सगळ्या स्लाइसना सारखा रंग, फक्त दाराजवळची ओळ किंचित फिकट. नानकटाईचा पहिला ट्रेही काढला, तळ बदामी रंगाचा, उचलताना एकही मोडली नाही. काका, पेठेतला, मोगरा, सगळ्यांचे मनापासून आभार.

चहाबाज · रविवार, दुपारी १:०५

अभिनंदन ताई. हे असं मोजून करता येतं हे मला माहीत नव्हतं. काका, एक शंका. आमचा ओव्हन पावसाळाभर माळ्यावर होता. आता लावला की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. लगेच नाही, दोनेक मिनिटांनी. हाही रॉडच का?

तारजोड · रविवार, संध्याकाळी ५:३०

बहुतेक रॉडच, पण तार तुटलेली नाही. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतली ओल ओढून घेतं. टोकाचं सील जुनं झालं असेल तर पावसाळ्यात ओल आत जाते, आणि तापल्यावर तारेतून नळीकडे करंट झिरपतो. घरातला ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअरला पडतो, म्हणजे तो त्याचं काम चोख करतोय.

हे मल्टिमीटरवर दिसेलच असं नाही, कारण त्याचं व्होल्टेज फार कमी. मोटर वाइंडिंग करणाऱ्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारा मीटर) असतो, त्याच्याकडून रॉड आणि बॉडी यांच्यामध्ये मोजून घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर रॉड ओलावलाय. तो काढून कोरड्या उष्णतेत वाळवून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर वापरा, नाही चढला तर बदला.

काही जण अशा वेळी अर्थिंगची वायर सोडून देतात, म्हणजे ईएलसीबी पडत नाही. कुणी असं सुचवलं तर त्याला ओव्हनला हात लावू देऊ नका. तो झिरपणारा करंट मग दाराच्या दांडीवर येऊन थांबतो.

चहाबाज · रविवार, संध्याकाळी ५:५५

समजलं. वाइंडिंगवाला आमच्या चौकातच आहे, उद्याच जातो.

निळीशाई · सोमवार, सकाळी ९:१०

आमच्याकडेही जोडी बदलून घेतली, रॉड पुन्हा पूर्वीसारखा लाल दिसतो. काका, बहिणीचा कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे, त्यातही गरम हवेचं एलिमेंट असतं. तेही याच पद्धतीने मोजता येईल का?

तारजोड · सोमवार, सकाळी ९:२५

नाही. मायक्रोवेव्ह घरी उघडायचाच नाही. त्यात मॅग्नेट्रॉनसाठी (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) काही हजार व्होल्ट तयार होतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, तो जीव घेऊ शकतो. वर लिहिलेलं सगळं फक्त साध्या ओटीजीसाठी आहे. तो मायक्रोवेव्ह त्याच कामाचं शिक्षण असलेल्या माणसाकडेच द्यायला सांगा.